कृष्णेचा ट्री आणि कोयनेचा बोगदा: स्नॅपमधील एका डेटा स्ट्रक्चरचे प्रकरण

ट्री, म्हणजे प्रत्येक घटकाच्या वर एकच पालक घटक असलेली फांद्याफांद्यांची मांडणी, हे डेटा स्ट्रक्चर समजावताना साधारणपणे कार्यालयातील हुद्दे किंवा संगणकातील फोल्डर यांचे उदाहरण दिले जाते. ही दोन्ही उदाहरणे माणसाने मुळातच ट्रीच्या आकारात रचलेली असल्यामुळे त्यांत ट्रीची कसोटी लागत नाही. या प्रकरणासाठी म्हणून नदीचे खोरे निवडले. महाराष्ट्रात उगम पावणारी कृष्णा आणि तिला थेट किंवा आडवळणाने मिळणाऱ्या, महाराष्ट्रातच उगम पावणाऱ्या वीस निवडक नद्या, अशी एकवीस नद्यांची रचना एका दृश्य (आज्ञांचे ब्लॉक जोडून प्रोग्राम करण्याच्या) प्रोग्रामिंग भाषेत बांधायची, पडद्यावर काढायची आणि तिच्यातून निरनिराळ्या क्रमांनी फिरायचे, असे काम ठरवले.

कृष्णेला थेट मिळणाऱ्या नद्यांपैकी वेण्णा, कोयना, येरळा, वारणा, पंचगंगा आणि भीमा या सहा घेतल्या. पंचगंगेखाली कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती येतात. परंपरेने पाचवी मानलेली सरस्वती गुप्त असल्याने तिला नोड, म्हणजे ट्रीतला स्वतंत्र घटक, दिलेला नाही. भीमेखाली इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड, नीरा आणि सीना या पाच आहेत. मुळा-मुठेखाली मुळा व मुठा, मुळेखाली पवना, घोडेखाली कुकडी आणि नीरेखाली कऱ्हा. दूधगंगा, उरमोडी, तारळी यांसारख्या नद्या चित्र आटोपशीर राहावे म्हणून वगळल्या आहेत.

भाषा म्हणून स्नॅप घेतली. एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ साली प्रसृत केलेली स्क्रॅच ही भाषा शाळांमध्ये अधिक परिचित आहे, परंतु तिच्या यादीत फक्त अंक किंवा मजकूर ठेवता येतो, यादीच्या आत यादी ठेवता येत नाही. शिवाय आपण तयार केलेला ब्लॉक तिथे उत्तर परत देऊ शकत नाही आणि एखाद्या ब्लॉकपुरते स्थानिक व्हेरिएबलही मिळत नाही. ट्रीसाठी या तिन्ही गोष्टी लागतात. येन्स म्योनिग आणि ब्रायन हार्वी यांनी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात घडवलेल्या स्नॅपमध्ये त्या तिन्ही आहेत, आणि स्क्रॅचचे रंगीत ब्लॉक जोडण्याचे रूपही तिने तसेच ठेवले आहे. आपल्या ब्लॉकला देवनागरीत नाव देता येते, त्यामुळे पुढे आलेली 'नदी', 'उपनद्या', 'काढ' ही नावे प्रोग्राममध्ये जशीच्या तशी वापरता येतात.

व्याख्या

स्नॅपमध्ये ट्री नावाचा तयार प्रकार नाही. आहे ती फक्त यादी, आणि तिच्यातूनच ट्री उभा करावा लागतो. 'नदी' हा रचणारा ब्लॉक तीन गोष्टी घेतो, नाव, संगमाचे ठिकाण आणि उपनद्यांची यादी, आणि त्या तिघांची एक यादी करून परत देतो. त्याच्या जोडीला 'नाव', 'संगम' आणि 'उपनद्या' हे निवडणारे तीन ब्लॉक आहेत. प्रत्येक जण नोड घेऊन अनुक्रमे पहिला, दुसरा आणि तिसरा घटक परत देतो, एवढेच त्यांचे काम. इतक्या क्षुल्लक कामासाठी वेगळे ब्लॉक कशाला, थेट 'आयटम ३ ऑफ' का लिहू नये, असा प्रश्न इथे हमखास निघतो. त्याचे उत्तर या टप्प्यावर पटवून देणे अवघड असते, ते पुढे कोयनेच्या वेळी आपोआप मिळते.

एकवीस नद्यांचा ट्री ब्लॉक एकात एक बसवून बांधू गेल्यास दृश्य भाषेची एक अडचण ठळकपणे समोर येते. मजकुरी भाषेत आत आत जाणारे कंस ओळी तोडून मांडता येतात. इथे 'नदी' ब्लॉकच्या खाचेत यादीचा ब्लॉक, त्याच्या खाचेत पुन्हा 'नदी' ब्लॉक असे करत गेल्यावर भीमेपर्यंतच संपूर्ण पडदा व्यापला जातो. एकाच रंगाचे ब्लॉक एकमेकांत असले की स्नॅप त्यांना आलटून पालटून फिकट आणि गडद छटा देते. त्याने तीनचार पातळ्यांपर्यंत डोळ्यांना आधार मिळतो, पुढे तोही अपुरा पडतो.

म्हणून माहिती तक्त्यात ठेवली. प्रत्येक ओळीत नदीचे नाव, ती कशाला मिळते आणि संगम कुठे होतो, असे तीन रकाने आहेत, उदाहरणार्थ: वेण्णा, कृष्णा, माहुली; कोयना, कृष्णा, कराड; येरळा, कृष्णा, ब्रह्मनाळ; वारणा, कृष्णा, हरिपूर; पंचगंगा, कृष्णा, नृसिंहवाडी; इंद्रायणी, भीमा, तुळापूर; पवना, मुळा, दापोडी. ट्रीच्या बुंध्याच्या म्हणजे कृष्णेच्या ओळीला संगमाऐवजी हंसलदीवी, जिथे ती बंगालच्या उपसागराला मिळते. अशी सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली) फाइल स्नॅपच्या खिडकीत ओढून सोडली की तिचे यादीच्या व्हेरिएबलमध्ये रूपांतर होते. या तक्त्यातून ट्री उभा करणारा 'बांध' ब्लॉक आश्चर्य वाटावे इतका लहान आहे. तो एक ओळ घेतो, 'कीप' वापरून ज्यांच्या दुसऱ्या रकान्यात या नदीचे नाव आहे अशा ओळी वेगळ्या काढतो, 'मॅप' वापरून त्या प्रत्येकीवर स्वतःलाच चालवतो, आणि जे मिळेल ते उपनद्यांच्या जागी ठेवून 'नदी' परत देतो. वेण्णेसारख्या नदीसाठी 'कीप'ला काहीच सापडत नाही, 'मॅप' रिकामी यादी देतो आणि रिकर्शन, म्हणजे ब्लॉकने स्वतःलाच चालवणे, तिथे थांबते. थांबण्याची अट वेगळी लिहावी लागत नाही.

तयार झालेला नोड पाहायचा असेल तर रिपोर्टर (उत्तर परत देणाऱ्या) ब्लॉकवर नुसते क्लिक करावे, उत्तर फुग्यात दिसते. भीमेच्या 'उपनद्या' अशा पाहिल्या तर स्नॅप त्यांना तक्ता समजून रकान्यांत मांडते आणि तिसऱ्या रकान्यात प्रत्येक ओळीला यादीचे छोटे चिन्ह दाखवते. ते चिन्ह नीरेसमोरही सारखेच दिसते आणि सीनेसमोरही, जरी एकीत कऱ्हा असली आणि दुसरी रिकामी असली तरी. साधन आपणहून जे चित्र दाखवते त्यातून रचनेचा आकार कळत नाही, तो स्वतः काढावा लागतो.

काढणे

'काढ' ब्लॉकला नोड, लांबी आणि कोन दिला जातो. स्प्राइट, म्हणजे पडद्यावर फिरून पेनने रेषा काढणारी आकृती, लांबीइतकी पुढे जाते, प्रत्येक उपनदीसाठी योग्य तितकी वळते, 'काढ'ला पुन्हा हाक मारते, तितकीच उलट वळते आणि सर्व उपनद्या झाल्यावर लांबीइतकी मागे येते. स्टेज, म्हणजे चित्राची जागा, ४८० बाय ३६० एककांचे आहे. बुंधा तळाशी, वाय उणे १७० वर, पहिली लांबी ११० आणि दर पातळीला ती ०.७ पट, असे धरले तर कृष्णेपासून पवनेपर्यंतच्या पाच पातळ्या सरळ रेषेत आल्या तरी बेरीज ३०५ च्या आसपास होते आणि चित्र स्टेजमध्ये बसते.

या ब्लॉकचा एकच करार आहे, आणि सर्व काही त्यावर उभे आहे: ज्या जागी आणि ज्या दिशेला तोंड करून स्प्राइट आत शिरली, त्याच जागी आणि त्याच दिशेला तोंड करून ती बाहेर पडली पाहिजे. करार पाळला गेला तर कृष्णेच्या पातळीवर लिहिणाऱ्याला भीमेच्या आत काय घडले याची फिकीर करावी लागत नाही. तो कुठे मोडतो हे नदीचे नाव लिहिताना दिसते. पेनच्या गटातील 'राइट' हा ब्लॉक अक्षरे स्प्राइटच्या दिशेने लिहितो आणि लिहून झाल्यावर स्प्राइटला मजकुराच्या शेवटी नेऊन ठेवतो. 'मुळा-मुठा' लिहिल्यावर स्प्राइट जितकी सरकते तितकी ती 'घोड' लिहिल्यावर सरकत नाही, त्यामुळे पुढच्या फांद्या कमीजास्त भरकटतात आणि चूक कोनांच्या हिशेबात असावी असा चुकीचा संशय येतो. उपाय साधा आहे. लिहिण्याआधी एक्स, वाय आणि दिशा 'स्क्रिप्ट व्हेरिएबल्स'मध्ये जपून ठेवायची, पेन वर घ्यायचे, नव्वद अंशांना तोंड करून नाव लिहायचे, जपलेल्या जागी परत जायचे, दिशा पूर्ववत करायची आणि मगच पेन खाली. इथे स्थानिक व्हेरिएबलच हवे. जागा जपण्यापासून परत येण्यापर्यंत मध्ये रिकर्शन नसले तर सामायिक व्हेरिएबलनेही निभावते, पण कोणी नाव लिहिण्याचे काम उपनद्यांच्या फेरीभोवती पसरवले की आतली हाक बाहेरची जागा पुसून टाकते.

कोनांचा प्रश्न जास्त रंजक आहे. १२० अंशांचा पंखा सहा उपनद्यांत सारखा वाटला तर प्रत्येकीला २० अंश मिळतात, म्हणजे जिच्या खाली काहीच नाही त्या वेण्णेला जितकी जागा तितकीच जिच्या खाली दहा नद्या आहेत त्या भीमेला. भीमेच्या फांद्या मग पंचगंगेच्या फांद्यांवर चढतात. जागा उपनद्यांच्या संख्येवर न वाटता पानांच्या, म्हणजे उपनदी नसलेल्या नोडच्या, संख्येवर वाटली तर हा गुंता सुटतो. या ट्रीत चौदा पाने आहेत, त्यांपैकी सहा भीमेखाली आणि चार पंचगंगेखाली. म्हणून भीमेला सुमारे ५१.४ अंश, पंचगंगेला ३४.३ आणि उरलेल्या चौघींना प्रत्येकी ८.६ अंश येतात. प्रत्येक उपनदीने आपल्या वाट्याचाच कोन पुढे आपल्या उपनद्यांत वाटायचा आणि स्वतः त्या वाट्याच्या मध्यावरून जायचे, असा नियम ठेवला की दोन शेजारी कधीच एकमेकांवर येत नाहीत, कारण मधल्या रेषेवर पुढे सरकवलेला तितक्याच कोनाचा पंखा मूळ पंख्याच्या आतच राहतो. एडवर्ड राइनगोल्ड आणि जॉन टिलफर्ड यांनी १९८१ साली ट्री नीटनेटका काढण्याची जी पद्धत मांडली ती उभ्याआडव्या मांडणीसाठी आहे आणि हिच्यापेक्षा बरीच काटेकोर आहे, पण पोटातला ट्री मोजल्याशिवाय त्याला जागा देता येत नाही हे दोन्हीकडे खरे आहे.

पाने मोजणारा ब्लॉक असा: उपनद्या रिकाम्या असतील तर १ परत द्या, नसतील तर प्रत्येकीची पाने मोजून 'कम्बाइन'ने बेरीज करा. म्हणजे चित्र काढण्याआधीच एक पूर्ण ट्रॅव्हर्सल, म्हणजे प्रत्येक नोडला भेट देणारी फेरी, होऊन गेले. याच आकड्याला पेनची जाडी केले तर रेषा उगमाकडे बारीक आणि बुंध्याकडे जाड होत जाते, आणि चित्र प्रथमच नदीसारखे दिसू लागते.

फिरणे

'काढ' ब्लॉक स्वतःच एक ट्रॅव्हर्सल आहे. पेन प्रत्येक नदीवरून दोनदा जाते, एकदा उगमाच्या दिशेने आणि एकदा परत संगमाकडे. नाव यादीत टाकण्याची आज्ञा उपनद्यांच्या फेरीआधी ठेवली तर प्रीऑर्डर मिळते: कृष्णा, वेण्णा, कोयना, येरळा, वारणा, पंचगंगा, कासारी आणि असेच पुढे. तीच आज्ञा फेरीनंतर, मागे येण्याच्या जरा आधी ठेवली तर पोस्टऑर्डर: वेण्णा, कोयना, येरळा, वारणा, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, पंचगंगा, इंद्रायणी, पवना, मुळा, मुठा, मुळा-मुठा, कुकडी, घोड, कऱ्हा, नीरा, सीना, भीमा, कृष्णा. या दुसऱ्या क्रमात कोणतीही नदी तिच्या उपनद्यांच्या आधी येत नाही. पुराचा किंवा पाणीसाठ्याचा हिशेब याच क्रमाने करता येतो, कारण पंचगंगेचे पाणी मोजायला घेताना तिच्या चारही उपनद्या मोजून झालेल्या असतात. दृश्य भाषेचा खरा फायदा मला इथे वाटतो: एकच ब्लॉक बोटाने उचलून फेरीच्या वरून खाली ठेवला आणि क्रम बदलला, हे डोळ्यांसमोर घडते. पावलांच्या चिन्हाचे बटण दाबून ब्लॉक एकेक करून उजळताना पाहिले तर तो बदल आणखी स्पष्ट होतो.

पातळीनुसार फिरण्यासाठी रिकर्शन लागत नाही. एक यादी रांग म्हणून घ्यायची, पुढून नोड काढायचा, त्याच्या उपनद्या मागे जोडायच्या, रांग संपेपर्यंत हेच करायचे. या क्रमात पवना सर्वांत शेवटी येते. नवा नोड मागे न जोडता पुढे घातला की रांगेची स्टॅक (शेवटी आलेला आधी बाहेर पडणारी चवड) होते आणि फिरणे पुन्हा खोलवर जाऊ लागते, फक्त भावंडे उलट क्रमाने येतात. यापलीकडे या भागात फारसे काही नाही.

कोयना

इथवर कृष्णा ट्रीच्या साच्यात मुकाट बसली. मात्र कोयना धरणाचे पाणी दोन वाटांनी जाते. एक वाट नदीची, ती कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. दुसरी वाट सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे पोफळीच्या वीजगृहाकडे जाते आणि तिथून वाशिष्ठीला मिळून दाभोळजवळ अरबी समुद्रात पोहोचते. कोयना प्रकल्पाच्या एकूण १,९६० मेगावॅट क्षमतेपैकी जवळजवळ सगळी या पश्चिमेकडच्या उतारावर उभी आहे, आणि कृष्णेच्या पाण्याचे राज्यांत वाटप करणाऱ्या बच्छावत लवादाने या वळवणुकीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी धरले होते. ही किरकोळ बाब नव्हे. ती वगळून खोऱ्याचा हिशेब खोटा ठरेल.

तक्त्यात ही गोष्ट मांडायला काहीच अडचण येत नाही. कोयना, वाशिष्ठी, पोफळी अशी आणखी एक ओळ आणि वाशिष्ठीची स्वतःची ओळ लिहिली की झाले. अडचण 'बांध' चालवल्यावर येते. कृष्णेपासून बांधताना एक कोयना तयार होते आणि वाशिष्ठीपासून बांधताना दुसरी. दोन्ही याद्या दिसायला जवळजवळ सारख्या, पण वेगळ्या. 'इज आयडेंटिकल टू' या ब्लॉकला विचारले तर उत्तर नकारार्थी येते. दोन्ही ट्री मिळून नद्या मोजल्या की कोयना दोनदा मोजली जाते, आणि नोडमध्ये धरणाची १०५ टीएमसीची साठवण नोंदवली असेल तर तीही दुप्पट होते.

याउलट कोयनेची यादी एकदाच तयार करून तीच कृष्णेच्या आणि वाशिष्ठीच्या उपनद्यांत घातली, तर स्नॅप तिची प्रत करत नाही. दोन्हीकडे तीच यादी असते आणि एका बाजूने बदललेली नोंद दुसऱ्या बाजूनेही बदललेली दिसते. साठवणीचा प्रश्न सुटला, पण 'संगम'च्या जागी काय लिहायचे? जागा एक आहे आणि उत्तरे दोन आहेत, कराड आणि पोफळी. प्रत्येक नोडला एकच पालक होता तोवर नोड आणि पालक यांना जोडणाऱ्या रेषेची माहिती नोडच्या खिशात ठेवून भागत होते. पहिल्या दिवसापासून संगम हा नदीचा गुण नव्हताच, तो दोन नद्यांमधील जोडणीचा गुण होता. ट्रीमध्ये ही उसनवारी दिसत नाही, दुसरा पालक आला की लगेच दिसते.

म्हणून जोडणीला स्वतःची रचना दिली. 'प्रवाह' हा नवा ब्लॉक नदी, ठिकाण आणि प्रमाण यांची यादी करतो. 'नदी' आता नाव आणि प्रवाहांची यादी ठेवते. कृष्णेच्या प्रवाहांत कोयना-कराड, वाशिष्ठीच्या प्रवाहांत कोयना-पोफळी-६७.५, आणि दोन्हींच्या आत तीच एक कोयना. 'उपनद्या' हा निवडणारा ब्लॉक फक्त बदलावा लागला: तिसरा घटक देण्याऐवजी तो प्रवाहांवर 'मॅप' चालवून प्रत्येकातील नदी काढून देतो. पाने मोजणारा ब्लॉक, प्रीऑर्डर, पोस्टऑर्डर, रांगेचा ब्लॉक यांतील एकाही ब्लॉकला हात लावावा लागला नाही, कारण त्यांनी 'आयटम ३ ऑफ' कधी वापरलेच नव्हते. 'काढ'मध्ये 'संगम' हा ब्लॉक वापरलेला नव्हता, म्हणून तोही जसाच्या तसा चालला.

'बांध'ला मात्र आता नोंदवही लागते. नवी नदी करण्याआधी ती आधी तयार झाली आहे का, हे तिथे पाहायचे आणि असल्यास तीच परत द्यायची. शोध नावाने घेतला तर दुसरा सापळा आहे. महाराष्ट्रात पूर्णा दोन आहेत, एक तापीला मिळते आणि एक गोदावरीला, आणि पुण्याच्या मुळेखेरीज प्रवरेला मिळणारी मुळाही आहे. राज्याच्या सर्व नद्या भरल्या की नावाने शोधणारी नोंदवही तापीची पूर्णा गोदावरीला जोडून देईल. तक्त्यात म्हणून नावाखेरीज एक खूण हवी. फिरताना 'आधी भेट दिली का' हे तपासण्यासाठी यादीचा 'कंटेन्स' ब्लॉकही चालत नाही, कारण तो यादीची ओळख पाहत नाही, आतला मजकूर सारखा आहे का ते पाहतो. दोन्ही पूर्णा उपनद्यांविना भरल्या असतील तर तो त्यांना एकच समजतो. तपासणी 'इज आयडेंटिकल टू'नेच करावी लागते.

ही तपासणी पोस्टऑर्डरला जोडून कृष्णा आणि वाशिष्ठी अशी दोन बुंध्यांची यादी दिली की बावीस नावे मिळतात. कोयना एकदाच येते, कृष्णेच्या आधी, आणि वाशिष्ठी शेवटी. प्रत्येक नदी तिला पाणी देणाऱ्यांच्या नंतर येण्याचा नियम मोडत नाही.

चित्राला मात्र वेगळी वागणूक द्यावी लागते. तपासणीशिवाय 'काढ' कोयनेला दोन ठिकाणी काढते. तपासणी लावली तर वाशिष्ठीच्या वेळी ती कोयना गाळते आणि पोफळीची रेषाच नाहीशी होते. स्प्राइट फक्त पुढे जाणे आणि वळणे जाणत असल्यामुळे आधी काढलेली कोयना स्टेजवर कुठे आहे हे तिला माहीत नसते. म्हणून पहिल्या भेटीतच फांदीच्या टोकाचे एक्स आणि वाय नदीबरोबर एका यादीत नोंदवायचे आणि दुसऱ्या भेटीत वळण्याऐवजी 'गो टू'ने थेट त्या टोकापर्यंत वेगळ्या रंगाची रेषा ओढून परत यायचे. कृष्णेचा बुंधा डावीकडे आणि वाशिष्ठीचा उजवीकडे ठेवला तर ही रेषा भीमेचा सगळा पंखा छेदत जाते. उपनद्यांचा क्रम उगमाकडून समुद्राकडे असल्याने कोयना पंख्याच्या डाव्या कडेला आहे, म्हणून वाशिष्ठी डावीकडे घेतली की रेषेला फक्त वेण्णा आडवी येते.